चौदावी ओळ

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, संगणक विभागातला निवृत्त तंत्रज्ञ, अविवाहित, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे येते, पण ते वयाने. कोणाच्या धाकाने नाही. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी स्वतःला बराच चांगला दाखवला होता.

कलम १. या दोन खोल्या व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तिने नाकारली तर भाचीला. भाचीने उगाच आढेवेढे घेऊ नयेत.

कलम २. स्क्रूड्रायव्हरचा संच आणि तारांचे खोके कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला. नेलेली वस्तू परत आणून देणारा माणूस मला हा एकच भेटला.

कलम ३. आमच्या जुन्या साहेबांना काहीही नाही. त्यांनी आधीच घेतले आहे. शेल, म्हणजे काळ्या पडद्यावर आपण आदेश लिहितो ती जागा, उघडताच आधी मालकाची एक छोटी फाईल वाचते. कोणता आदेश कसा पाळायचा ते सगळे तिच्यात असते. तिचे नाव टिंबाने सुरू होते, म्हणून ती यादीत दिसत नाही. माझी नोकरीही तशीच झाली. ही फाईल मी तीस वर्षे ओळीओळीने घडवली. साहेबांनी ती स्वतःच्या नावाने आमच्या संगणक विभागभर वाटली आणि शाबासकी घेतली. ‘हा पसारा पुढच्या रविवारी आवरणे’ ही माझी टीपसुद्धा काढायचे कष्ट घेतले नाहीत. चाळीस मशीनवर तो रविवार अजून उजाडायचा आहे.

कलम ४. मूळ फाईल, संगणकासह, बहिणीला. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

बहीण आमच्याच कचेरीत नकाशा विभागात लागली, त्या दिवशी मी माझी फाईल, कोणाची परवानगी न घेता, तिच्या मशीनवर चढवली. तिच्यातली चौदावी ओळ अशी, की काहीही पुसण्याआधी मशीनने एकेका फाईलचे नाव घेऊन विचारावे. हे तिला सांगायचे राहिले. तिला वाटले, सगळ्याच मशीनची ही रीत. ती सरसकट पुसायचा आदेश द्यायची आणि विचारले जाईल तसे हो-नाही करत निवडायची. सहा वर्षांत एकही चूक नाही. एका दुपारी तिचे मशीन बिघडले, म्हणून ती शेजारच्या टेबलावर बसली. तिथे माझी फाईल नव्हती. मशीनने काही न विचारता सहा वर्षांचे नकाशे पुसले. दुसरी प्रत ठेवणे साहेबांचे काम. ती ठेवलेलीच नव्हती.

चौकशीत ती म्हणाली, “मशीन नेहमी विचारतं हो. आज विचारलंच नाही.”

सगळे हसले. साहेब म्हणाले, “बाई, स्वतःची चूक मशीनवर ढकलू नका.”

मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. मी हसलो नाही, एवढीच माझी मर्दुमकी. तिची नोकरी गेली.

मला कोणी विचारले नाही म्हणून मी बोललो नाही, असे एकोणीस वर्षे मी स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. त्याच संध्याकाळी जिन्यात तिने विचारले होते, “दादा, असं कसं झालं रे?”

मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.”

खरे सांगितले असते तर मलाही काढले असते. मी घाबरलो. त्यानंतर तिने संगणकाला हात लावलेला नाही; भाचीचे अर्जसुद्धा शेजाऱ्यांकडून भरून घ्यायची.

कलम ५. कलम ४ ची प्रत कचेरीच्या सूचनाफलकावर लावावी. साहेब हयात असल्यास त्यांना घरपोच द्यावी, पोचपावती घेऊन.

कलम ६. संगणक ठेवायचा की त्यातले सगळे पुसायचे, ते बहिणीने ठरवावे. चौदावी ओळ तशीच आहे. तिच्यावर आता माझे नाव घातले आहे.

हे वाचून झाल्यावर साक्षीदार शिंपीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “भाऊ, त्या तर दोन गल्ल्या सोडून राहतात. आत्ताच जाऊन का सांगत नाही?”

मी सहीसाठी पेन त्यांच्यापुढे केले, हेही येथे नोंदवतो.

सही
(मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार: १. शिंपीणबाई, तळमजला (सही)
२. दवाखान्यातले कंपाउंडर (सही)

स्थळ: माझी खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ फेब्रुवारी, दुपारी चार