दादाचं नाक

दादा,

पेट्रोल पंप बंद झाला, पण टाकीतून गळलेलं पेट्रोल अजून जमिनीखालच्या पाण्यात आहे. दर महिन्याला मी तपासणीसाठी बोअरचा नमुना काढला रे काढला, की तू बाटली ओढून हुंगतोस. "वास नाही. उगाच बाऊ करू नकोस!" अरे, जन्मभर पेट्रोल भरणाऱ्याला त्याचा वास येणार कसा? आणि सगळी गल्ली तुझ्या नाकावर भरवसा ठेवून पाणी पिते! डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

आज वैतागून तुझ्याच स्वयंपाकघरातलं पाणी हुंगलं. वास नव्हता. हायसं वाटलं.

तेवढ्यात वहिनी नाक दाबून म्हणाली, "वन्सं, बाटल्या भरून भरून तुमचंही नाक गेलं?"

पत्र पाठवत नाही. कुठल्या तोंडाने पाठवू?

तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी