व्हर्लिनच्या बुटाचं टोक

मेसा, अ‍ॅरिझोना
रविवार

प्रिय लोर्नाताई,
तुझ्या भावाचा, दुखऱ्या गुडघ्यांसकट, नमस्कार.

काळजी करू नकोस, उन्हात टोपी घालतो. तुझी कंबर कशी आहे? अंगणातला बर्फ स्वतः उपसत नाहीस ना?

पिकलबॉलचा रेफरी झालो एकदाचा. मागे दोनदा नापास करताना परीक्षक बाई म्हणाल्या होत्या, "नियम पाठ आहेत हो तुमचे, पण ओळखीचं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप लागतं." आज रेफरी कमी पडले आणि माझ्या वाट्याला नेमका शेजारच्या व्हर्लिनचा सामना आला. बाई पाठीमागेच माझी परीक्षा घेत बसलेल्या. शेवटच्या गुणाला त्यानं चेंडू हवेतच मारला, तेव्हा त्याचा पाय जाळ्याजवळच्या रेषेवर होता. तिथे तसं चालत नाही. मी ओरडलो, "फॉल्ट!" सामना तो हरला.

"अरे डुएन, बुटाचं टोक होतं नुसतं!"

मग त्यानं रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या बॅटला बॅट टेकवली. रेफरीचेही आभार मानायचे असतात, ते राहिले.

बाईंनी पाठ थोपटली. फार दमलोय, ताई. घरी युमाला पोचायला तीन तास लागतील आणि मी आलोय व्हर्लिनच्याच गाडीतून. तो गाडी सुरू करून बसलाय. शेजारच्या सीटवर त्यानं आपली बॅग ठेवली आहे.

मागच्या सीटवर बसायला निघालेला तुझा,
डुएन