चवीला यथातथा

गुडगाव, ६ नोव्हेंबर २०००

ती. दिनकरमामांच्या चरणी सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुम्ही बोलायला लागलात की मला बोलता येत नाही. म्हणून गुडगावहून इथल्या इथे दिल्लीत, पहाडगंजला चक्क पत्र लिहितेय. हसू नका.

नोकरी छान चाललीय. सरकारनं आयात खुली केल्यापासून आमची कंपनी अमेरिकेहून सेव मागवते, रेड डिलिशस नावाची. मुंबई-पुण्याच्या दुकानांत वाटायला मराठी पत्रक हवंय: ही सेव आली कुठून, तिचे गुण काय, उपयोग काय. ऑफिसात मराठी मी एकटीच, म्हणून मल्होत्रा सरांनी काम माझ्या गळ्यात टाकलं. माझं मराठी म्हणजे आईशी भांडण्यापुरतं. तुम्ही चौतीस वर्षं मराठी शिकवलंत, सभा गाजवल्यात. एक पान लिहून द्या ना, प्लीज.

मी अजून प्रोबेशनवर आहे. डिसेंबरअखेर पक्की झाले नाही, तर एक जानेवारीला सामान उचलून नागपूरला यायचं, ही बाबांची अट. तिथे त्यांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाय. मी मेले तरी मास्तरीण होणार नाही. (तुम्ही मनावर घेऊ नका.)

मामींना नमस्कार. उत्तर लांबलं तरी चालेल, माया आखडू नये.

तुमची,
सुनीती

पहाडगंज, ११ नोव्हेंबर २०००

चि. सुनीतीस अ. उ. आ.

तुझी 'सेव' वाचून विनयामामीला हसता हसता ठसका लागला. बाई गं, शेव चिवड्यात असते. झाडाला लागतं ते सफरचंद. कॉन्व्हेंटनं तुझी जीभ पॉलिश करताना मराठी सालीसकट उतरवलेली दिसते. असो. पत्रक मागितलंस, घे.

उगम. सव्वाशे वर्षांपूर्वी आयोवात एका शेतकऱ्याच्या बागेत हे रोप ओळ सोडून उगवलं. त्यानं छाटलं, ते पुन्हा फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. तेव्हा म्हणे त्यानं हात जोडले. पुढे फळ एका रोपवाटिकेच्या स्पर्धेला पाठवलं. परीक्षकांना पसंत पडलं, पण पाठवणाऱ्याचं नावगावच हरवलं! दुसऱ्या वर्षी त्या भल्या माणसानं पुन्हा पाठवलं म्हणून निभावलं. रोपवाटिकेनं हक्क विकत घेऊन नाव ठेवलं डिलिशस, म्हणजे स्वादिष्ट. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, याला अमेरिकेत काय म्हणतात ते तुझ्या सरांना विचार.

गुण. मूळ फळ पिवळसर, अंगावर लाल पट्टे. पण गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं. म्हणून ज्या फांदीला जास्त लाल फळ लागलं, तिचीच कलमं करत गेले. लाली वाढली, साल जाड झाली, चव मागे राहिली. आपल्या पक्षांत उमेदवारांचीही निवड अशीच होते. थोडक्यात, दिसायला देखणं, चवीला यथातथा.

उपयोग. शिजवलं तर लगदा, मुरंब्याला कुचकामी. हिंदूराव इस्पितळात आजाऱ्याला भेटायला जाताना हातात धरायला मात्र उत्तम. आजारी ते खात नाही, त्याच्या घरचे पुढच्या आजाऱ्याकडे नेतात. गुडगावच्या नव्या फ्लॅटांत काचेच्या टेबलावरही शोभतं. मेण लावलेलं असल्यानं यजमानांइतकंच चकचकीत राहतं.

आणि खरी गंमत ऐक. ऐंशीएक वर्षांपूर्वी एका अमेरिकन माणसानं याच जातीची झाडं शिमल्याच्या वर, कोटगढला लावली. तो माणूस इथलाच झाला, खादी नेसला, इंग्रजांच्या तुरुंगात गेला. आझादपूरच्या मंडीत हिमाचलहून ट्रक भरभरून येतात, ते याच गोत्रातलं फळ. म्हणजे मुलगी घरात असताना तुम्ही तिचीच चुलत बहीण बोटीनं आणता, कपाळावर चिकटपट्टी लावता आणि तिप्पट भाव सांगता. याला म्हणे उदारीकरण! उदार कोण, हे मात्र कुणी सांगत नाही.

यातला उगम घे. बाकीची मामाची जळजळ आहे. आणि छापण्याआधी मला दाखव.

कानांनी नाही तरी डोळ्यांनी तुझं ऐकणारा,
दिनकरमामा

गुडगाव, २ डिसेंबर २०००

ती. मामांस सा. न. वि. वि.

थँक यू, थँक यू! पत्रक छापून झालं, दहा हजार प्रती मुंबईला गेल्यासुद्धा. घाई इतकी होती की दाखवायला वेळच मिळाला नाही. पण मी काही भोळी नाही हं. सोनूबाई, हिंदूराव, चुलत बहीण, तुमचे सगळे टोमणे मी बरोबर ओळखून काढून टाकले. फक्त चांगलं तेवढं ठेवलं.

तुमची सगळ्यात सुंदर ओळ मी मोठ्या लाल अक्षरांत वर टाकली: 'दिसायला देखणं, चवीला यथातथा!' सरांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, यथार्थसारखाच आहे, एकदम असली, बिल्कुल जशी हवी तशी चव. सर खूश. म्हणाले, शब्दात वजन आहे.

सोबत एक प्रत आहे. फ्रेम करा.

तुमच्या कौतुकाची हावरट,
सुनीती

पहाडगंज, ६ डिसेंबर २०००

चि. सुनीतीस आशीर्वाद, आणि या वेळी त्यांची गरजही आहे.

बाळ, यथातथा म्हणजे जेमतेम. बेताचं. लग्न ठरवताना मुलीकडचे मुलाच्या शिक्षणाची चौकशी करतात आणि मध्यस्थ खाकरून एक शब्द उच्चारतो ना, तो हा शब्द. तुमच्या कंपनीनं स्वतःच्या पैशानं, लाल अक्षरांत, दहा हजार वेळा जाहीर केलंय की आमचा माल जेमतेम आहे. इतकी सचोटीची जाहिरात या देशात झालेली नाही.

मी पोट धरून हसलो. मग तुझा बी.एड.चा फॉर्म आठवला आणि तडक हे पत्र लिहायला बसलो. मामी माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, चूक पोरीची नाही, सरळ वाक्य लिहिता न येणाऱ्या माझी आहे. चाळीस वर्षं माझी भाषणं ऐकून तिनं काढलेला हा निष्कर्ष.

सरांना जाऊन खरं सांग. दोष माझ्यावर घाल, माझे खांदे रिकामेच आहेत.

तुझा अपराधी,
मामा

गुडगाव, १२ डिसेंबर २०००

ती. मामांस सा. न. वि. वि.

सांगायला गेले होते. पण त्याआधीच वाशीच्या व्यापाऱ्याचा सरांना फोन आला. तो म्हणे हसत सुटला होता. सरांनी मला लेखी विचारलंय, या शब्दाचा अर्थ काय, आणि कोण सांगतं. वीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

राजेंद्रनगरला यूपीएससीची तयारी करणारा शार्दूल आहे ना, माझ्या मैत्रिणीचा भाऊ, त्यानं संस्कृत कोश काढून दाखवला. मुळात अर्थ चांगला आहे, मामा! जसं आहे तसं, खरं. तुम्ही निवृत्त मराठी शिक्षक म्हणून तेवढंच एका कागदावर लिहून सही करा. खोटं काहीच नाही. नाहीतर मी नागपूरला.

सुनीती

पहाडगंज, १६ डिसेंबर २०००

चि. सुनीतीस अ. उ. आ.

दाखला सोबत आहे. 'यथातथा हा शब्द मुळात संस्कृत असून जसे आहे तसे, खरे, असा त्याचा अर्थ होतो.' त्यातल्या 'मुळात' या एका शब्दावर माझी अब्रू टांगलेली आहे, तेवढी सांभाळ.

कोशाआड लपणाऱ्या पुढाऱ्यांना मी गांधी जयंतीपासून गणेशोत्सवापर्यंत प्रत्येक व्यासपीठावरून सोललं. आज स्वतः लपायची वेळ आली, तर सही करायला मला चार मिनिटंही लागली नाहीत. खरं बोलून खोटं सांगणं इतकं सोपं असतं, हे आधी कळतं तर त्या बिचाऱ्यांना मी थोडं कमी सोललं असतं. मामी मात्र पुन्हा बोलायला लागली. म्हणाली, जन्मात एकदा तुमच्या विद्वत्तेचा घराला उपयोग झाला.

दाखला द्यायचा की फाडायचा, ते तूच ठरव. मी विचारणार नाही.

तुझ्याहून जास्त घाबरलेला,
मामा

गुडगाव, ३० डिसेंबर २०००

ती. मामा-मामींस सुनीतीचा सा. न. वि. वि.

दाखला दिला. फाडायचं धैर्य नव्हतं, खरं तेच लिहिते. सरांनी तो दोनदा वाचला, तुमच्या सहीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, मुंबईवाल्यांना शुद्ध भाषा कळत नाही, हसू देत. वर वाशीहून दुप्पट ऑर्डर आली. दुकानदार म्हणे पत्रक दाखवून गिऱ्हाइकाला सांगतात, बघा, कंपनी खोटं बोलत नाही.

काल मी पक्की झाले. सामान हलवायचं नाही, खोली सोडायची नाही. बाबांना फोन केला, तर त्यांचा विश्वास बसेना. कंपनीचं पत्र पोस्टानं पाठव, डोळ्यांनी वाचल्याशिवाय फॉर्म फाडणार नाही, म्हणाले.

मामा, पत्र इंग्रजीत आहे, छान टाइप केलेलं. फक्त कामगिरीच्या रकान्यात सरांनी मला खास शाबासकी म्हणून स्वतःच्या हातानं, वळणदार देवनागरीत एकच शब्द लिहिलाय. यथातथा. खाली सही, शिक्का. मी हसून थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अर्थाचा दाखला त्यांच्या फायलीत आहे.

आता बाबांना काय पाठवू, ते लवकर कळवा. तुमचा दाखला तिथे चालायचा नाही. त्यांना मराठी येतं.

तुम्हा दोघांची,
सुनीती