रस्त्यालाही दोन बोटं सैल

दि. ६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे, म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. ताप नाही, नोकरी आहे. फोन केला असता, पण फोनवर तू गिऱ्हाइकाशी आणि माझ्याशी एकदमच बोलतेस.

मी मॅरेथॉनला नाव द्यायचं म्हणते. धावायला नाही, चालायला. बेचाळीस किलोमीटर. अट अशी की आधी दहा किलोमीटर पावणेदोन तासांच्या आत चालून दाखवायचे आणि ती वेळ अर्जावर लिहून सही करायची. मुदत ३० नोव्हेंबरची.

परवा कारखान्यात गणवेशांचा गठ्ठा तिसऱ्या मजल्यावर नेताना मला धाप लागली, आणि निवृत्तीला टेकलेल्या काजवाल्या बाई शीळ घालत माझ्या पुढून वर गेल्या. मी सव्वीस वर्षांची! अक्षरं, अंक, कात्री, सगळं मी तुझ्या आणि बाबांच्या कटिंगच्या टेबलाखाली बसून शिकले. पुढचंही घरानंच ठरवलं. हे एक मी स्वतः ठरवलं आहे, म्हणून ते फसू नये असं फार वाटतं.

मला दहा किलोमीटरना दोन तास पाच मिनिटं लागतात. लांब टांगा टाकल्या तर नडग्या दुखतात. तू तीस वर्षं शिवलेले कपडे पायी घरोघर पोचवलेस आणि कुणाला गाठू दिलं नाहीस. वेगानं चालणं म्हणजे नेमकं काय गं?

बाबांना अजून सांगू नकोस. माया आहे तशीच ठेव.
तुझी,
टाचणी

दि. १३ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं, त्यामुळे तुझ्या बाबांना न सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. टेबलाखाली बसलेलं पोर आता बेचाळीस किलोमीटर चालणार म्हणून त्यांनी कात्री खाली ठेवली आणि काय घालून चालणार ते विचारलं.

आता ऐक. लांब टांग म्हणजे वेग नव्हे. तसं चाललं की टाच पुढे आपटते आणि अंग मागे राहतं. पावलं आखूड टाक, पण भरभर. कोपरं वाकव, हात जितके झपझप हलतील तितके पाय मागोमाग येतात. मान वर. एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, पुढचे दोन खांब सावकाश, असं अर्धा तास. आठवड्यातून एकदाच लांब जा. जिने चढ, पोटऱ्यांसाठी चवड्यांवर उभी राहा, आणि एक दिवस मुकाट्यानं बस. तुला बसणंच सगळ्यात जड जाईल.

रस्ता मोजलास कसा, तेवढं कळव. अंदाजपंचे काम मला आवडत नाही.

जेवत जा, आणि म्हातारीची आठवण ठेव.
तुझी आत्या

दि. २१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हातांचं तू सांगितलंस ते खरं निघालं. असं का होत असेल म्हणून मी एक दिवस हात मागे बांधून चालून बघितलं. पाय लगेच रेंगाळले. जिन्यात आता काजवाल्या बाईच मला थांब म्हणतात.

पण वेळ बसत नाही. दोन तास पाच मिनिटांवरून एक बावन्नवर आले आणि आता एक तास सत्तेचाळीस मिनिटं वीस सेकंदांवर अडले आहे. तीन रविवार तेच. काल नडगीला बर्फ लावून बसले होते.

मोजण्यात चूक नाही. कालव्याकाठचा अर्धा किलोमीटर मी दीड मीटरच्या टेपनं, खडूच्या खुणा करत, ओणवी होऊन मोजला. कानातलं हरवलं का म्हणून चौघांनी विचारलं. दरवेळी कपड्याच्या मापाला धरतो तशी, आपल्या रीतीप्रमाणे दोन बोटं सैल धरली, म्हणजे कमी भरायची भीती नको. त्याच्या दहा फेऱ्या, जाऊन येऊन.

अर्ज भरणार नाही. खोटी वेळ लिहून सही करणं जमायचं नाही. रागावू नकोस, लोभ असू दे.
टाचणी

दि. २४ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

अगं शहाणे, रस्ता काय जेवल्यावर फुगतो, की धुतल्यावर आटतो?

हेही मी मोठ्यानं वाचलं. दोन बोटांपाशी आले आणि तुझे बाबा हसता हसता स्टुलावरच बसले. मग पाटीवर हिशेब मांडला. दोन बोटं म्हणजे चार सेंटीमीटर, तीही प्रत्येक दीड मीटरला. तुझे दहा किलोमीटर दहाच्या वर अडीचशे मीटरहून जास्त भरतात! तुझी खरी वेळ एक तास साडेचव्वेचाळीस मिनिटं. तू अटीत केव्हाच बसली आहेस. सैल सोडायला आम्हीच शिकवलं, तेव्हा दोष आमचा.

हा आकडा लिही आणि अर्ज टाक.
बाबांचेही आशीर्वाद; ते अजून हसताहेत.
तुझी आत्या

दि. ३० नोव्हेंबर

ती. आत्यास व ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग हसले. पण पाटीवरचा आकडा लिहिला नाही. तो हिशेबातला होता, पायांचा नव्हता. कालवा पुन्हा मोजला, या वेळी टेपला टेप भिडवून, बोटभरही सैल न सोडता. दोन दिवस मुकाट्यानं बसले. बसणं खरंच जड गेलं. काल सकाळी चालले. काजवाल्या बाई घड्याळ घेऊन बाकावर होत्या आणि दर फेरीला मला आळशी म्हणत होत्या. एक तास त्रेचाळीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

आज अर्ज घेऊन गेले. खिडकीवरच्या कारकुनानं न वाचताच शिक्का उचलला. वेळ तपासत नाही का, असं मीच विचारलं. तो म्हणाला की इथे सगळे एक चव्वेचाळीसच लिहितात, कुणाकुणाचं तपासायचं. मग त्याची नजर माझ्या ओळीवर गेली. आजवर सेकंद कुणीच लिहिले नव्हते म्हणे. शिक्का तसाच हातात धरून त्यानं चष्मा वर केला, मला नीट पाहिलं, आणि तुम्ही खरंच चाललेल्या दिसता, असं म्हणून शिक्का मारला.

तुमची माया माझ्यामागे अशीच भरभर येऊ दे.
तुमची,
टाचणी