शेजारचं विरजण

१२ जानेवारी
दहिवलीत आलो. गावच्या पाणीयोजनेवर पंप चालवायचं काम, राहायला चाळीतली कडेची खोली. मागे वालाचं हिरवंगार शेत आहे. विठोबाची तसबीर लावली, दिवा लावला, आणि घर आपलं वाटू लागलं. शेजारच्या सुंदराकाकी लगेच चौकशीला आल्या. टायफॉईडपासून पोट धड नाही, डॉक्टरांनी घरचं दही खायला सांगितलंय, एवढं बोललो तर त्या वाटीभर विरजण घेऊन हजर. लग्नात माहेरून आणलेलं, तेव्हापासून एकदाही मोडलेलं नाही. सगळी चाळ त्याचंच दही खाते. "आमची पोटं एकच हायत म्हना ना, भाऊ," म्हणून हसल्या. माणसं चांगली मिळाली.

२० जानेवारी
पोट पार बरं झालं. कर्जतच्या डॉक्टरांनी समजावलं की, गोळ्यांनी वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारले होते, आता पुन्हा वस्ती झाली. आतड्यात अब्जावधी जीव असतात म्हणे. अन्न पचवतात, रोग अडवतात, मनावरही त्यांचा थोडाफार हात असतो. लेक हर्षला शिळफाट्याला दिलेली आहे, तिला सातवा महिना लागलाय, म्हणून बाळाचंही विचारलं. बाळाला पहिले जंतू बहुतेक आईकडूनच मिळतात. परतताना मनात आलं, देह ही धर्मशाळा खरी, पण मग तिचा मालक कोण?

२५ जानेवारी
एक गंमत. आज अचानक पिठलं खावंसं वाटलं. करायला घेतलं तर प्रत्येक खोलीतून पिठल्याच्याच फोडणीचा वास. काल वालाचं बिरडं, तेही सगळीकडे. इथे कोणी कोणाला 'आज काय केलंय' असं विचारत नाही.

२९ जानेवारी, एकादशी
लहानपणापासून गळ्यात माळ आहे. मासळीला कधी शिवलो नाही. आज पूजेला बसलो आणि तोंडाला पाणी सुटलं. सुकटीसाठी. सुक्या मासळीच्या वासानेही मला मळमळायचं. बाहेर सगळ्या खोल्यांत तीच भाजली जात होती. काकींनी न विचारता ताटली आणून ठेवली.
खाल्ली. बोटं चाटून खाल्ली. मग माळ उतरवून देवापुढे ठेवली.

३१ जानेवारी
विरजण मोरीत ओतलं. दुपारी पोटात पीळ पडला. दार उघडलं तर सारी चाळ ओटीवर, पोट धरून, माझ्याकडे बघत. रागावलं कोणीच नाही. काकींचे मालक नामाकाका एवढंच म्हणाले, की मोडू नका भाऊ, आमालाबी दुखतं. आत वळलो तर ओट्यावर दह्याने भरलेली वाटी. खाल्लं. कळ थांबली. सगळ्यांचीच.

३ फेब्रुवारी
लेक बाळंतपणाला कधी येणार, काकी विचारत होत्या. इथंच होऊ दे म्हणाल्या, पोर जल्मताच आपलं होईल.
हर्षलाला फोन केला. येऊ नको म्हणालो. का, ते सांगता येईना. सांगणार तरी काय—

५ फेब्रुवारी
ती आलीच. माझ्या आवाजाने घाबरली म्हणे. चाळीतलं काही खाऊ दिलं नाही. जेवण स्टेशनवरून आणलं, पाणीही बाटलीचं. रुसली. रुसू दे. सकाळी परत धाडतो.

६ फेब्रुवारी
रिक्षा दारात आली. वाचली, असं वाटलं. तेवढ्यात काकी पुढे— निघालेल्या लेकीच्या हातावर दही-साखर. कोण नको म्हणेल? मी म्हणणार होतो. पोटात कसलंसं सुख पसरलं. बघतो तर वाटी माझ्याच हातात. घालणाराही मीच—
तिने तळवा चाटला.

९ फेब्रुवारी
पुन्हा सुकट. तवे तापलेत. मी माळ मुठीत धरून बसलोय. विठ्ठला—
हर्षलाचा फोन. हसत होती. डोहाळे बघा बाबा कसले, जन्मात चव घेतली नाही आणि आत्ता, अगदी आत्ता, सुकट—
तिचे नाहीत. डोहाळे तिचे—
काकींनी डबाही बांधून दिला होता म्हणे. सासरी सगळ्यांना दही आवडलं. शेजारणी वाट्या घेऊन—