गणपतीने निवडलेला गोलकीपर

रिव्हिएर दू रांपार,
बुधवार, १६ ऑगस्ट १९७८

तीर्थरूप बाबूराव दाजींच्या पायांवर धाकट्या मेव्हण्याने, म्हणजे चंद्रमोहनने, डोकं टेकवलं आहे असं समजावं. तिकडे शमें ग्रेनिएला तुम्ही, आमची सत्यवतीताई आणि गोठ्यातली मंडळी खुशाल असाल. मागे तुमच्या छातीत कळ येत होती, ती आता कशी आहे? (ही चौकशी मी अगदी मनापासून करतो आहे. कळ पुन्हा आली असेल तर लपवू नका.) इकडे सगळं ठीक. ऊसतोडणी सुरू झाली, वांगी बरी धरली आहेत, कुंतीचा गुडघा दुखायचा थांबला. मीही ठीक आहे. अन्न गोड लागत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही आणि कोणी दार वाजवलं की छातीत धस्स होतं, एवढं सोडलं तर माझी प्रकृती उत्तम आहे. कारण असं की येत्या रविवारी प्लेन दे पपायच्या संघाशी आमची मॅच आहे, आणि गोलमध्ये मी उभा राहणार आहे.

तुम्ही आता चष्मा पुसून हे वाक्य पुन्हा वाचाल. वाचा. मीही आरशासमोर ते पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं, पण खरं वाटत नाही. माझं वय चव्वेचाळीस. मला कुत्र्याची भीती वाटते, गांधीलमाशीची वाटते, बस वळणावर कलली की डोळे मिटावे लागतात. जेर्व्हेझचं वादळ संपल्यावर पलंगाखालून सगळ्यांत शेवटी कोण निघालं हे ताईने तुम्हाला सांगितलंच असेल (तिच्या पोटात काही राहत नाही). चेंडूचं तर विचारूच नका. क्लबाचा अध्यक्ष मी आहे खरा, पण तो आमची ओसरी मोठी आणि कुंतीचा चहा चांगला म्हणून. अध्यक्षाचं काम मॅच संपल्यावर हार घालण्याचं असतं, अशी माझी आजवर समजूत होती.

झालं असं की आमचा गोलकीपर इंद्रदेव नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेला. त्याला निरोप देताना सगळं गाव रडलं, आणि विमान उडाल्यावर आमच्या लक्षात आलं की आता गोलमध्ये कोणी नाही. मी त्यालाच पत्र टाकून विचारलं, की बाबा रे, तिथले मोठमोठे पगारी क्लब पुढचा गोलकीपर आणतात तरी कुठून? त्याने सविस्तर कळवलं. म्हणे आधी ते बाकावर बसलेल्या राखीव माणसाला पाहतात. तो कामाचा नसला तर दुसऱ्या क्लबाकडून आणतात. तेही जमलं नाही तर नजर असलेली माणसं गावोगाव पाठवून नवा हिरा शोधून काढतात. आम्ही म्हटलं, चला, आपणही विलायती पद्धतीने जाऊ. तिथेच आमचं चुकलं.

बाकावरचा आमचा राखीव म्हणजे नवीन. गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक मॅचला बाकावर बसतो, भाजलेले शेंगदाणे घेऊन येतो आणि जवळ बसतील त्यांना वाटतो. त्याला सांगितलं, नवीन, आता तुझी पाळी. तो असा पांढरा पडला की मलाच त्याला धरून बसवावं लागलं. म्हणाला, काका, मला बाकाची सवय झाली आहे, उभ्याने मला मॅच दिसतच नाही. त्याला मी मनातल्या मनात भित्रा म्हणालो. (देव ऐकत असतो, दाजी. तो त्याच वेळी ऐकत होता असं मला आता वाटतं.)

मग आम्ही तुमच्याच गावच्या क्लबाकडे निरोप पाठवला, की तुमचा गोलकीपर एवढ्या मोसमापुरता द्या. तुमची माणसं काय म्हणाली ते तुमच्या कानावर आलं असेलच. म्हणाली, देतो, पण बदल्यात तुमचा ढोलकीवाला सत्यदेव द्या, यंदा गणपतीत आमचा झाकरीचा नाच त्याच्या ढोलकीवर होईल. आमच्या ओसरीवर सभा बसली. चहा दोनदा झाला. शेवटी एकमताने ठरलं की गोलकीपर काय, आज गेला उद्या मिळेल, पण सत्यदेवसारखा हात बेटाच्या उत्तरेत दुसरा नाही आणि झाकरी फिकी पडली तर वरती गेलेल्या आज्यापणज्यांना तोंड कसं दाखवायचं? मीही हात वर केला. हात वर करताना माणसाला कुठे कळतं की तो कशासाठी वर जातो आहे.

राहिला हिरा शोधण्याचा मार्ग. तर नजर असलेली माणसं म्हणून मी, सत्यदेव आणि देवळाचे महाराज असे तिघे भाजीच्या लॉरीपाशी जाऊन उभे राहिलो. पोर्ट लुईच्या बाजाराचा माल तिथे भरतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. खालचा माणूस भोपळा फेकतो, वरचा तो झेलून मागे रचतो. वर कृष्णदेव होता. काय सांगू दाजी, डोक्याएवढे भोपळे तो असे झेलत होता जणू कोणी हातात पेढा ठेवतं आहे. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खालच्या माणसाचा हात निसटला आणि एक भोपळा थेट माझ्या तोंडावर आला. मी डोळे गच्च मिटले, दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि आईचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा भोपळा माझ्या हातात होता. सगळे हसले, मीही हसलो आणि गोष्ट तिथेच संपली असं मला वाटलं.

कृष्णदेवला मैदानावर आणलं. पहिला चेंडू आला, त्याने सुरेख झेलला. टाळ्या पडल्या. मग तो शांतपणे मागे वळला आणि त्याने तो चेंडू गोलच्या आत नीट ठेवून दिला. दुसराही तसाच, पहिल्याच्या शेजारी. जन्मभर झेललेला माल मागे रचायची सवय, त्याचा काय दोष? संध्याकाळपर्यंत समजावलं, पण चेंडू हातात आला की त्याची मान आपोआप वळायची. असा माणूस प्रेमसमोर उभा करणं म्हणजे पाहुण्यांच्या घरी गोल आपणच पोचवून देणं.

हा प्रेम कोण ते सांगायला हवं. प्लेन दे पपायचा फॉरवर्ड. सगळं गाव त्याला ग्रो प्रेम, म्हणजे जाडा प्रेम म्हणतं, यावरून त्याचा आकार लक्षात यावा. उसाच्या मोळ्या उचलून त्याच्या मांड्या अशा झाल्या आहेत की पॅन्ट वेगळी शिवून घ्यावी लागते. गेल्या वर्षी त्याच्या फटक्याने आमच्या गोलचा बांबू मोडला. इंद्रदेव वेळेवर बाजूला झाला म्हणून आज इंग्लंडात आहे.

विलायती पद्धत संपली तेव्हा महाराज म्हणाले, आता आपल्या पद्धतीने पाहू, गणपतीला कौल लावू. माझ्या आजोबांच्या वेळी विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं कौलाने ठरायचं. त्यानंतर कोणी लावला नव्हता. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना जास्वंदीची ओली पाकळी चिकटवायची, नाव घ्यायचं आणि बसायचं. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण यंदा चतुर्थी जवळ आली म्हणून मूर्तीला नवा तेलरंग दिलेला, तो पुरता सुकलेला नव्हता, आणि पाकळ्या अशा बसल्या की हलेनात. एकेकाचं नाव घेऊन झालं. आरती झाली, पाय दुखले, लेकरं झोपली. देव हूं की चूं करीना. तेव्हा बायकांच्या बाजूला काही कुजबुज झाली, महाराजांनी तिकडे कान दिला, घसा साफ केला आणि म्हणाले, चंद्रमोहन. मी म्हटलं, काय हो महाराज? मला वाटलं ते मला बोलावताहेत. तेवढ्यात उजवी पाकळी टप्पकन खाली.

सगळ्यांनी मला उचललं, गुलाल लावला. नाही म्हणायला तोंड उघडलं तर महाराज म्हणाले, देवाचा कौल मोडणाऱ्याचं घर वाऱ्यावर जातं. म्हणजे घरात राहिलो तर गणपती, बाहेर पडलो तर प्रेम. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, पण ती म्हण प्रेमने ऐकलेली दिसत नाही. आणि कुंती, दाजी, कुंती तर चार घरी सांगून आली. वीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल तिने कोणाला आपण होऊन काही सांगितल्याचं मला आठवत नाही. आता ती शिवणयंत्रावर माझी जर्सी शिवते आहे आणि गुणगुणते आहे. मी चेंडूला भितो हे तिला सांगायची मला त्याहून जास्त भीती वाटते.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गाईची काळजी घ्या आणि स्वतःचीही, पण स्वतःची फार घेऊ नका.

तुमचा,
चंद्रमोहन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. शनिवारी सकाळपर्यंत मला तार करावी की तुमची छाती पुन्हा दुखते आहे आणि तुम्ही सारखं माझंच नाव घेता आहात. मरणाऱ्या दाजींना भेटायला गेलेल्या माणसाला गणपतीही काही म्हणणार नाही. फक्त फार गंभीर कळवू नका, नाहीतर कुंतीही निघेल.

ता. क. (गुरुवार) पत्र टपालात टाकलं नव्हतं ते बरं झालं. आज बाजारात ग्रो प्रेम स्वतः समोर आला. मी वांग्यांच्या टोपलीमागे गेलो, पण तो टोपलीला वळसा घालून आला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, काका, देवाने निवडलेल्या माणसावर मी पाय उचलू कसा, आई म्हणते घराचं वाटोळं होईल, माझी तर झोप उडाली आहे. मी रविवारी खेळत नाही, आजारी मावशीला भेटायला चाललो आहे. मी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. तेव्हा दाजी, तार नको. तुम्ही ठणठणीत राहा, आणि ताईला घेऊन मॅच पाहायलाच या.

ता. क. (गुरुवार संध्याकाळ) भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. प्रेमच्या जागी त्याचा थोरला चुलतभाऊ देवराज खेळणार आहे. तो प्रेमहून हातभर उंच आहे, आणि शिवाय आर्यसमाजी आहे. मूर्तीला मानत नाही, पाकळीला मानत नाही. आजारी पडा, दाजी. गंभीर पडलात तरी चालेल.

ता. क. बाबूरावभावजींना कुंतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं होतं. आजारी वगैरे पडू नका. हे भितात ते मला लग्नात अंतरपाट धरला तेव्हापासून ठाऊक आहे, तो थरथरत होता तो यांच्याच बाजूने. महाराजांना नाव मीच सुचवलं. लॉरीपाशी तो भोपळा आला तेव्हा मी भाजी निवडत उभी होते; जो घाबरतो त्याचेच हात आधी वर जातात, आणि गोलकीपरला दुसरं काय लागतं? पाकळी मात्र देवानेच पाडली. रविवारी या. जर्सी शिवून झाली आहे, जरा सैल ठेवली आहे, म्हणजे आत उशी बांधता येईल.