पाहुण्यांचं वायफाय

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

दुष्काळ पाहायला मुंबईची समिती ऑफिसात आली आणि घाम मला फुटला. पाहुण्यांसाठीचं वायफाय मीच लावलेलं, एका वेळी दहाच फोन चालतात. समितीतल्या एकाचाही फोन जुळेना. पाहते तर दहाही जागा भरलेल्या.

आमचे शिपाई सलीमभाई, त्यांचा प्रताप. पासवर्डची चिठ्ठी फक्त पाहुण्यांना द्या, असं मी बजावलं होतं. आणि हे ज्याला पाणी देतात त्याच्या ग्लासाखाली चिठ्ठी ठेवतात. बाहेर बाकावर अर्ज घेऊन बसलेल्या सगळ्या शेतकऱ्यांना मिळालेली.

"भाई, काय करून राहिले तुमी हे?"

"पानी देलं म्हंजे पाहुनाच झाला ना, मॅडम."

आता काढू तरी कोणाला? लांबच्या खेड्यातून जीपनं आलेले एक आजोबा व्हिडिओवर नातीला आमचा पंखा दाखवत होते. माझा हातच चालेना. शेवटी बाकावर नसलेला एक फोन सापडला. आमच्या साहेबांचा. ऑफिसच्या नेटवर क्रिकेट बंद केलंय ना, म्हणून हे पाहुण्यांत घुसलेले. तोच काढला आणि ती जागा समितीच्या अध्यक्षांना दिली. चुकलं का माझं? चुकलं असेल.

मीटिंग सुरू झाली. साहेब टेबलाखाली फोन चोळत बसले. सलीमभाई पाणी घेऊन आले तेव्हा साहेबांनी ग्लास उचलून खाली पाहिलं. चिठ्ठी नव्हती.

"मलेच कावून नाही?" साहेब हळूच म्हणाले.

सलीमभाईंनी मायेनं ग्लास पुढे सरकवला.

"साहेब, तुमी तं घरचे."